रमणचं मम

तंजावर, १४ जुलै १९९७

चि. मुरली,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. आपल्या गल्लीत देवनागरी वाचणारं आता कोणी उरलेलं नाही. हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला तेवढी येते. म्हणून मराठीत लिहिते, पत्र कुठेही पडलं तरी शेजाऱ्यांना कळायचं नाही. तुझी पुण्याची बायको माझं मराठी वाचून हसेल. हसू दे.

अप्पांना पक्षाघात झाला. सकाळी बाहेर ओट्यावर, तिण्णैवर पेपर घेऊन बसले होते, कापीचा पेला उजव्या हातातून सुटला तो सुटलाच. मी ओरत्तनाडूला शाळेत शिकवत होते. रमणने त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे त्याचं हातांचं बोलणं कोणाला कळेना, आणि कळून घ्यायला कोणी थांबेना. शेवटी त्याने टेबलावरचा कागद ओढून तमिळमध्ये लिहिलं, "माझे वडील. उजवा हात गेला. आत्ता." तेव्हा कुठे खाट मिळाली. मी पोचले तर डॉक्टर मला म्हणतात, "रोग्याबरोबर कोणीतरी धड माणूस पाठवायचा की." मी म्हटलं, "पाठवला होता, म्हणून तर रोगी जिवंत आहे."

अप्पांची उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. डोळे मात्र पहिल्यासारखेच सगळ्यांवर नजर ठेवून आहेत.

तुझ्या लग्नापासून आपण बोललेलो नाही. तू रमणला आणू नका म्हणालास, अप्पा एकटे आले आणि मी आले नाही, एवढंच तुला ठाऊक आहे. इथल्या नातलगांसाठीची तमिळ पत्रिका रमणच्याच प्रेसमध्ये छापली, हे तुला ठाऊक नसेल. खिळे त्यानेच जुळवले. घरच्यांच्या नावांत स्वतःचं नाव नाही, हे त्याने एकेक अक्षर उचलून बसवलं आणि प्रूफ मला दाखवायला आणलं. एकही चूक नव्हती.

अप्पा आजारी आहेत म्हणून कळवलं. येणं न येणं तुझ्यावर.

अक्का

तंजावर, २५ ऑगस्ट १९९७

चि. मुरली,

तुझं पत्र नाही. मनिऑर्डर आली. त्या दोन्हींतला फरक तुला शिकवायचं माझं वय राहिलं नाही.

अप्पांना घरी आणलं. आता त्यांचं सगळं रमण करतो, अंग पुसण्यापासून घास भरवण्यापर्यंत. पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. अप्पा रमणशी बोलतात! डाव्या हाताने. पाणी, पंखा, कूस, लघवी, चंदन, पेपर, सगळं. मला कळायला वेळ लागतो, रमणला हात उचलायच्या आधी कळतं.

तुला आठवतं ना, जेवताना रमणचा हात बोलायला वर गेला की अप्पा काय करायचे? "हात खालीं!" हात वापरला की तोंड आळशी होतं, असं मुक्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी त्यांच्या डोक्यात भरलं होतं. त्याच मास्तरांनी दुसरंही सांगितलं होतं, की पोराला ओठ वाचायला तमिळ शिकवतो आहोत, तर घरातही तमिळच बोला. ते मात्र अप्पांनी मानलं नाही. "इतक्या पिढ्या सांभाळली ती भाषा एका पोरासाठीं टाकूं?" रमण बाहेर तमिळ ओठ वाचायचा आणि घरी आल्यावर ताटावर बसून आपल्या सगळ्यांची मराठी तोंडं बघत राहायचा. हात बंद, ओठ परके. आपल्याच घरात पाहुण्यासारखा वाढला तो. तमिळ मुलुखात मराठी जपल्याचा अभिमान आपण सगळेच मिरवतो. त्याची किंमत घरात एकट्या रमणने भरली, आणि मला याचा अजूनही संताप येतो.

तुझ्या नावाची खूण त्याने अजून तीच ठेवली आहे. दोन्ही हात ओठांशी आडवे, बासरी धरल्यासारखे. आता अप्पाही तीच करतात, एकाच हाताने. दारावरून पोस्टमन गेला की दोघंही करतात, तुझं पत्र आलं का म्हणून.

दुसरी बातमी. प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला, खिळे वजनावर विकले. रमणला कागद कापायला ठेवलं आहे, तेही मेहरबानी म्हणून. पंच्याण्णव सालच्या कायद्याने सरकारी नोकरीत अशांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. कायद्याची प्रत घेऊन मी, रमण आणि बहिऱ्यांच्या संघातली माणसं सोमवारी कलेक्टर कचेरीत गेलो. अर्ज रमणचा, माणूस समोर उभा, आणि कारकून सगळं मलाच विचारतो. ह्याला वाचता येतं का, हा चिडतो का, ह्याच्या वतीने अंगठा कोण देणार. रमणने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सही केली. तमिळ आणि इंग्रजी दोन्ही, छापल्यासारखी. कारकून म्हणतो, "तरी पालकाची सही लागेल." चौतिसाव्या वर्षी पालक! मी तिथे जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. संघाची माणसं मला हाताने शांत करत होती आणि हसतही होती.

अप्पांना हे सगळं रमणने हातांनी करून दाखवलं, कारकुनाच्या तोंडासकट. अप्पा अर्ध्या तोंडाने हसले.

अक्का

तंजावर, ६ ऑक्टोबर १९९७

चि. मुरली,

हे पत्र नीट वाच, आणि बायकोसमोर वाचायचं नसेल तर बाहेर जाऊन वाच.

डॉक्टरांनी हात टेकले आहेत. अप्पा फार दिवस काढणार नाहीत. काल पापनाशमहून सूर्यनारायणकाका आले, घरचं पौरोहित्य करणारे आपले वाध्यार कल्याणरामही होते. आजाऱ्याची चौकशी झाली, कापी झाली, मग काकांनी विषय काढला की पुढचं सगळं कोण करणार.

मी म्हटलं, "रमण करील. थोरला तोच आहे."

काका म्हणाले, "शास्त्र मी केलें काय, विशालाक्षी? ज्यास ऐकूं येत नाहीं, बोलूं येत नाहीं, त्याकडून मंत्र कसा होईल? मुरली आहे की."

"काका, मुरलीस तरी कोणता मंत्र येतो? मुंजीत सगळें वाध्यारच म्हणत होते. तो नुस्तें मम मम म्हणत होता."

वाध्यारांना हसू आलं. "तें खरेंच. मजकडे आजकाल सगळे तसलेच येतात. पण अम्मा, मम तरी म्हणाया हवें की नको?"

"म्हणेल तो. मम म्हणेल."

हे सगळं चाललं होतं अप्पांच्या खाटेशी. अप्पा ऐकत होते. त्यांनी डावा हात उचलला, रमणचा हात धरला, आणि त्याच्या करंगळीशेजारच्या बोटाभोवती आपलं बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. दर्भाचं पवित्र घालतात तसं. मुरली, ते काय म्हणत होते ते लहान पोरालाही कळलं असतं. काका खिडकीकडे बघत म्हणाले, "त्यांस शुद्ध नाहीं. तुम्ही दोघें वाटेल तो अर्थ काढतां."

शेवटी वाध्यारांनीच तडजोड सुचवली. करणारा दुसरा मुलगा लेखी देत असेल की माझी हरकत नाही, थोरला करील, तर मी निभावून नेतो. काका म्हणाले, "मुरलीनें लिहावें. मग मी बोलत नाहीं."

एक ओळ, मुरली. "रमणअण्णा करील, माझी संमती आहे," आणि खाली सही. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. दोन ठिकाणी माझं जमता जमता मोडलं, "घरांत मुका आहे" म्हणून. तेव्हाही मी कोणाला काही बोलले नाही. तू पुण्याला गेलास आणि दोन भावंडं मागे टाकलीस, त्यावरही बोलले नसते. पण ज्याने बापाचं सगळं केलं, त्याला शेवटचं करू द्यायचं नाही, हे मला सहन होणार नाही.

मी रमणला सांगितलं आहे, मुरली लिहील.

अक्का

तंजावर, ९ नोव्हेंबर १९९७

चि. मुरली,

दिवाळी गेली. तुझं पत्र आलं नाही. काकांना तुझा फोन आला होता असं कळलं. काय बोलणं झालं त्याचा काका ताकास तूर लागू देत नाहीत. आपल्याकडे फोनचा अर्ज अजून रांगेत आहे, नाहीतर मीच विचारलं असतं. एसटीडी बूथवरून तुझ्या घरी दोनदा लावला. दोन्ही वेळा तुझी बायको म्हणाली, "कोण बोलतंय?" आणि मला एकदम माझं नातं सांगता आलं नाही. ठेवून दिला.

इथे शिकवणी चालू आहे. रमण आणि मी स्वयंपाकघरात समोरासमोर बसतो. त्याचा हात माझ्या गळ्यावर, माझा त्याच्या. ओठ मिटायचे, घशात आवाज धरायचा, उघडायचे, पुन्हा मिटायचे. शाळेतून सुटल्यावर त्याने आवाज काढणं सोडून दिलं होतं. गल्लीतली पोरं नक्कल करायची, आणि आपणही, खोटं कशाला सांगू, पाहुणे आले की त्याला गप्प बसायची खूण करायचो. त्यामुळे पहिल्यांदा नुसता वारा निघाला. मग खरखर. मग एका दुपारी निघालं. मम! भांडं घासल्यासारखा आवाज, पण मम. मी उठून त्याला खोबऱ्याची वडी दिली, जसं शाळेत पहिलीतल्या पोरांना देते, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

तो खाटेपाशी गेला आणि अप्पांच्या समोर म्हणाला. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, धड बाजूच्याही आणि गेलेल्याही. मग डाव्या हाताने त्यांनी रमणचा गळा चाचपला, आवाज कुठून येतो ते बघायला. ज्या माणसाने आयुष्यभर "हात खालीं" म्हटलं तो माणूस हे करत होता.

मंत्र कधी थांबतो हे ऐकू येत नाही, मग मम केव्हा म्हणायचं? त्यावरही रमणनेच तोड काढली. वाध्यारांच्या ओठांकडे बघायचं. ते "मम म्हणा" म्हणतात तेव्हा त्यांची हनुवटी वर जाते. चार घरच्या श्राद्धांत दाराशी उभा राहून त्याने हे हेरलं आहे.

नाही म्हणायचं असेल तर नाही लिही. पण असा मूग गिळून बसू नकोस. तुला बोलता येतं ना?

अक्का

तंजावर, २२ डिसेंबर १९९७

मुरली,

तू गेल्यावर पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण समोर असताना तू बोलू दिलं नाहीस. काका सारखे तुझ्या शेजारी आणि तू त्यांच्या मागे. म्हणून लिहिते.

अप्पा सकाळी रमणच्या मांडीवर गेले. रमणने कोणाला हाक मारली नाही, मारता आली नाही. मी दारात कोलम काढून आत आले तर तो त्यांचा हात हातात घेऊन बसला होता. मला बघून त्याने त्यांचा हात हळूच खाली ठेवला. पुढचं मला त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

काकांनी तुला फोन केला आणि आम्हाला सांगितलं, मुरली निघाला, तोवर थांबायचं. बर्फाच्या लाद्या आणल्या. तू विमानाने मद्रासला, तिथून गाडीने येईपर्यंत रमण अप्पांच्या उशाशी बर्फाचं पाणी पुसत होता. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ओली वेष्टी नेसून तयार होऊन उभा राहिला. तू गाडीतून उतरलास तेव्हा तुला बघून त्याने बासरीची खूण केली, तोंड उजळून. त्याला वाटलं, लिहून देण्याऐवजी तू स्वतः सांगायला आलास.

वडवारू नदीच्या काठावर काय झालं ते तू पाहिलंस, तरी लिहिते, कारण तू मान खाली घातली होतीस. पवित्र तुझ्या बोटात गेलं तेव्हा रमणने माझ्याकडे पाहिलं. मी काय खूण करणार होते? तो मागे सरला नाही, की भांडलाही नाही. वाध्यारांचे ओठ दिसतील अशा जागी जाऊन उभा राहिला. मंत्र झाला, वाध्यारांची हनुवटी वर गेली. तू घसा खाकरत होतास. आणि पलीकडून आवाज आला, "मम!"

मोठ्याने. सगळ्या नदीवर ऐकू गेलं. बांधावरच्या बायकांनी वळून पाहिलं, कोणीतरी हसलंसुद्धा. काकांनी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. वेड्याला नेतात तसं, मुरली. "त्यास समजत नाहीं, मनावर घेऊं नका," असं ते लोकांना सांगत होते. त्याच्याइतकं तिथे कोणालाही समजत नव्हतं. मग तू मम म्हणालास. ते मला पाच पावलांवरही ऐकू आलं नाही.

तू निघताना म्हणालास, "अक्का, मी काय करूं, काकांनी सगळें ठरवलें होतें." एक ओळ काकांनी अडवली होती का?

तुझी बायको चांगली आहे. स्वयंपाकघरात माझ्या हाताखाली निमूट काम करत होती. तेराव्याला पानं पुसताना मला विचारलं, "ताई, ते कोण? सारखे बाबांच्या खाटेपाशी बसलेले?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला विचार." विचारलं का तिने?

अक्का

तंजावर, १६ मार्च १९९८

मुरली,

अमेरिकेला जातोस ते काकांकडून कळलं. तिकडच्या कंपन्यांना सन दोन हजारच्या आत सगळे कॉम्प्युटर दुरुस्त करून हवे आहेत म्हणे, आणि आपल्या पोरांना मागणी आहे. चांगलं झालं. मनापासून लिहिते, टोमणा नाही.

तुला रजा नाही आणि आता समुद्र ओलांडायचा, म्हणून अप्पांच्या मासिक श्राद्धांची अडचण तू काकांना कळवलीस. काका वाध्यारांना घेऊन आले. या वेळी कापी व्हायच्या आधीच तोड निघाली. कर्ता दूर देशी असेल तर त्याच्या नावाने दर्भ देऊन दुसऱ्याला बसवता येतं. रमण बसेल. मी म्हटलं, "त्यास मंत्र नाहीं ना, काका?" काका म्हणाले, "मुरलीच्या नावानें बसायाचें, त्यास काय मंत्र लागतो? वाध्यार म्हणतील. आणि मम म्हणाया येतें की त्यास."

येतं की त्यास! मी हसले, मुरली. मोठ्याने हसले. काकांना वाटलं मला बरं वाटलं.

मला नको म्हणायला हवं होतं. पण अप्पांनी त्याच्या बोटाभोवती बोट फिरवलेलं मला दिसत होतं, आणि मला वाटलं, कोणाच्या का नावाने असेना, त्याला बसायला तर मिळेल. मी रमणला हातांनी सांगितलं. मासिक. तू. तुझं नाव आलं तिथे मी बासरीची खूण केली, मुरलीच्या वतीने म्हणून. त्याने माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून अंघोळीला गेला.

पाटावर बसला. वाध्यारांनी पवित्र घातलं, संकल्प सांगितला. त्यात नाव तुझं. ते ओठांवर आलेलं त्याने पाहिलं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. मंत्र संपला, वाध्यारांची हनुवटी वर गेली.

"मम म्हणा."

रमण त्यांच्या ओठांकडे बघत होता. वाध्यार पुन्हा म्हणाले, या वेळी सावकाश, ओठ नीट दाखवून, कारण त्यांना वाटलं चुकून निसटलं. आता ते त्याच्या सोयीने बोलत होते, तुला आश्चर्य वाटेल. "मम. म्हणा की." मीसुद्धा दारातून माझ्या गळ्यावर हात ठेवून दाखवला.

त्याने ओठ घट्ट मिटले होते. तसेच ठेवले.

काका म्हणाले, "पाहिलेंस? जमत नाहीं त्यास." वाध्यारांनी स्वतःच मम म्हटलं आणि पुढे गेले. पिंड झाले, कावळा शिवला, जेवणं झाली. सगळं यथासांग पार पडलं, तसं काका तुला कळवतीलच.

त्या दिवसापासून रमण हातानेही फारसं बोलत नाही. प्रेसला जातो, कागद कापतो, घरी येतो, अप्पांच्या खाटेवर बसतो. संघाने त्याच्या सरकारी नोकरीच्या मुलाखतीला हातांनी बोलणारा माणूस मिळवून दिला, त्यासाठी मी चार महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. त्याने जायला नकार दिला. मी चिडले, ओरडले, मग त्याच्या लक्षात यावं म्हणून टेबलावर हात आपटला. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या मांडीवर नेऊन ठेवले. हात खाली. अप्पा करायचे तसंच, फक्त हळुवारपणे.

आज पोस्टमन दारावरून गेला. मी मुद्दाम रमणकडे बघत बसले. त्याने काहीच खूण केली नाही.

अक्का